हातातला पेपर तुमच्या जाळ्यात येतो का, ते आधी बघा

स्त्रीरोग विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका रेसिडेंट डॉक्टरांचा प्रश्न आहे: “मॅडम, माझा थीसिस गरोदरपणातल्या अनीमियावर आहे. शिरेतून दिलेलं लोह की गोळ्या, अशी तुलना. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन यादीत कधी हजारो पेपर येतात, शब्द जरा बदलले की आठ-दहाच उरतात. गाइड म्हणतात, आधीच्या संशोधनाचा रिव्ह्यू पातळ आहे आणि त्यातले निम्मे पेपर भरवशाचे नाहीत. एएनसी (गर्भवतींची तपासणी) ओपीडी आणि लेबर रूम उरकून रात्री अकराला लॅपटॉप उघडते. नेमकं शोधायचं कसं?”

डॉक्टर, शब्द जरा बदलले की हजारांचे दहा होतात, म्हणजे यंत्र तुमच्या शब्दांचं पडद्यामागे काहीतरी करतंय. ते काय करतंय हे दिसल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या लायब्ररीत मी बावीस वर्षं काढली आहेत. सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की काउंटरवर हीच तक्रार घेऊन रांग लागते. (इंग्रजी शब्द मी इथे नागरीत लिहिते आहे, टाइप अर्थात इंग्रजीतच करायचे.)

पण सुरुवात शोधापासून करूच नका. आधी तीन-चार असे पेपर हाताशी घ्या, जे तुमच्या विषयाचे आहेत याबद्दल तुम्हाला किंवा गाइडना तिळमात्र शंका नाही. एक मीच सुचवते. २०१९ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये भारतातली एक चाचणी आली होती: चार सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, २,०१८ गर्भवती, मध्यम ते तीव्र अनीमिया, एका गटाला शिरेतून आयर्न सुक्रोज, दुसऱ्याला नेहमीच्या गोळ्या. तुमचाच विषय, तुमच्याच देशात. दुसरा पेपर गाइडकडून मागून घ्या, तिसरा एखाद्या कॉक्रेन रिव्ह्यूच्या (एका प्रश्नावरच्या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा) संदर्भयादीतून उचला. प्रत्येकाचा पीएमआयडी, म्हणजे पबमेडवरचा नोंदक्रमांक, एका कागदावर लिहून ठेवा.

हा कागद म्हणजे तुमचा तोलायचा काटा. अँड-ऑर लावून रचलेली शोधओळ कितीही देखणी असली, तरी माहीत असलेले हे तीन पेपर तिच्यात सापडत नसतील, तर माहीत नसलेले सापडतील यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

आता यंत्राकडे. पबमेडच्या चौकटीत तुम्ही साधेपणानं चार शब्द टाइप करता, तेव्हा ते प्रत्येक शब्द आपल्या कोशाशी ताडून बघतं. या कोशाचं नाव मेश, म्हणजे मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं तो १९६० साली सुरू केला आणि आज त्यात तीस हजारांच्या आसपास विषयशीर्षकं आहेत. तुम्ही ‘हार्ट अटॅक’ लिहिलंत तरी आतून ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’सुद्धा शोधलं जातं, ते त्याच्याच कृपेनं. अनीमियाच्या स्पेलिंगचंही तसंच. ‘एन’नंतर ब्रिटिश ‘ए-ई’ लिहितात, अमेरिकन नुसता ‘ई’. साधं टाइप केलंत तर पबमेड दोन्ही शोधतं.

ही फुकटची मदत आपण न कळत बंद करतो. शब्दांना अवतरणचिन्हं लावली की बंद. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावला की बंद. शीर्षक-सारांशापुरता शोध घेणारा टी-आय-ए-बी हा टॅग लावला तरी बंद. तुम्ही बहुधा ‘इंट्राव्हेनस आयर्न फॉर अनीमिया इन प्रेग्नन्सी’ असं काहीतरी अख्खं अवतरणात टाकलंत. मग पबमेडनं तेच सगळे शब्द, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगमध्ये शोधले. तुमचे आठ-दहा पेपर असे आले असणार. अवतरण किंवा टॅग वापरू नका असं नाही. वापरलेत तर सगळी स्पेलिंगं आणि सगळे पर्याय स्वतः लिहायची जबाबदारी तुमच्यावर येते, एवढंच.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर हिस्टरीत प्रत्येक शोधापुढे ‘डीटेल्स’चा एक छोटा बाण असतो. तो दाबला की तुमच्या चार शब्दांची यंत्रानं केलेली दहा ओळींची पोथी उघडते. ती सगळी वाचा. काउंटरवर येणाऱ्यांपैकी हा बाण आधी कधी दाबलेला कुणी भेटला, तर मी त्या दिवशी चहा पाजते. बावीस वर्षांत तसा फार खर्च झालेला नाही.

पुढचं काम शब्द गोळा करायचं, आणि ते डोक्यातून करायचं नाही. कागदावरचे तीन पेपर पबमेडवर उघडा, तळाशी जा. मेडलाइन या पबमेडच्या निवडक भागात नोंदलेल्या पेपरांखाली त्यांना लावलेली मेश शीर्षकं दिसतात, ती उतरवून घ्या. इथे आपल्याकडच्या डॉक्टरांची गंमत होते, कारण मेश अमेरिकन वळणाचा आहे. वॉर्डात आपण पॅरासिटामॉल म्हणतो, तिथे शीर्षक अ‍ॅसिटामिनोफेन. आपलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, रिफाम्पिसिन तिथे रिफाम्पिन, ग्लायबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. आणि तुमचं आयर्न सुक्रोज? त्याचं शीर्षक आहे ‘फेरिक ऑक्साइड, सॅकरेटेड’. हे कुणाला आपणहून सुचणार?

मग फक्त मेशवर विसंबावं का? नाही. पबमेड म्हणजे नुसती मेडलाइन नव्हे. मेडलाइनमध्ये निवड समितीनं घेतलेली नियतकालिकं असतात आणि त्यांच्याच पेपरांना मेश लागतो. पबमेड सेंट्रल या संग्रहाच्या वाटेनं पबमेडवर आलेली इतर बरीच नियतकालिकं आहेत, त्यांच्या पेपरांना तो लागत नाही. आपल्याकडची कितीतरी नियतकालिकं या दुसऱ्या रांगेत बसतात. नुसता मेश वापरलात तर नेमके भारतीय पेपर निसटतील. म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी मेश शीर्षक आणि साधे शब्द, दोन्ही ‘ऑर’नं जोडून लिहायचे.

तुमच्या विषयाचे डबे तीनच: गरोदरपण, अनीमिया, शिरेतलं लोह. डब्याच्या आत सगळे पर्याय ‘ऑर’नं, डब्याडब्यांमध्ये ‘अँड’, आणि प्रत्येक डब्याला स्वतःचा कंस. कंस विसरलात तर पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि शेवटचा ‘ऑर’ अख्खा शोध उधळून लावतो.

इथे हमखास होणारी एक चूक सांगते. पिको हा साचा शिकवलेला असतो: रुग्ण, उपचार, तुलना, निष्पत्ती. मुलं चारही गोष्टी शोधओळीत कोंबतात. तुम्हाला एचबी किती वाढलं ते पाहायचं आहे, म्हणून ‘हिमोग्लोबिन’चा चौथा डबा कराल. करू नका. पेपरात मोजलेली प्रत्येक गोष्ट सारांशात येतेच असं नाही. हिमोग्लोबिन तक्ता तीनमध्ये बसलेलं असतं आणि शोध तक्त्यांपर्यंत पोहोचत नाही. ‘ओरल’चाही डबा नको. पिको प्रश्न नीट मांडण्यासाठी आहे. निष्पत्ती आणि तुलना पेपर हातात आल्यावर तपासायच्या.

तारा जपून लावा. ‘प्रेग्नन्सी’ आणि ‘प्रेग्नंट’ दोन्ही मिळावेत म्हणून कुणीतरी ‘प्रेग’च्या पुढे तारा लावतो आणि मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या वेदनांवरचे पेपर यायला लागतात. कारण प्रेगाबालिनही ‘प्रेग’नंच सुरू होतं. एका मुलीनं मला गंभीरपणे विचारलं होतं, “मॅडम, गर्भवतींना प्रेगाबालिन एवढं देतात?”

शब्द शेजारी-शेजारी हवेत पण क्रम कुठलाही चालेल, असं असेल तर २०२२ पासून पबमेडमध्ये अंतर ठरवून शोधायची सोय आली आहे. ‘इंट्राव्हेनस’ आणि ‘आयर्न’ यांच्यामध्ये फार तर तीन शब्द, असं सांगता येतं. मग ‘इंट्राव्हेनस आयर्न’ही मिळतं आणि ‘आयर्न बाय द इंट्राव्हेनस रूट’ही.

आता काटा बाहेर काढा. हिस्टरीत तुमच्या शोधओळीला ‘अँड’ लावून पुढे कंसात तिन्ही पीएमआयडी ‘ऑर’नं जोडा आणि चालवा. उत्तर तीन आलं तर छान. दोन आलं तर हरवलेला कोणता ते बघा आणि त्याचा एकट्याचा क्रमांक एकेका डब्याशी ‘अँड’ करून पाहा. समजा, गरोदरपणाच्या डब्यात सापडला, अनीमियाच्याही डब्यात सापडला, लोहाच्या डब्यात नाही. पेपर उघडून सारांश वाचा. लेखकांनी ‘इंट्राव्हेनस’ शब्द कुठे वापरलाच नसेल, सगळीकडे ‘पॅरेंटरल आयर्न’ लिहिलं असेल. तुमच्या डब्यात ‘पॅरेंटरल’ नव्हता. टाका, पुन्हा चालवा. त्या एका शब्दाबरोबर आणखी किती नवे पेपर आत येतात ते पाहा, मग हा खटाटोप कशासाठी ते मला वेगळं सांगावं लागणार नाही.

ही तपासणी मी फजितीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्राध्यापकांना प्रौढांमधल्या क्षयरोगावरचे पेपर हवे होते. मी हुशारी करून शेवटी ‘नॉट चिल्ड्रन’ जोडलं. यादी सुटसुटीत झाली, मी छापून दिली. विभागाच्या बैठकीत सरांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि शांतपणे विचारलं, “बाई, आमचाच पेपर यात का नाही?” परत आले, त्यांचा सारांश काढून वाचला. त्यात वाक्य होतं: बारा वर्षांखालील मुलांना अभ्यासातून वगळलं. ‘चिल्ड्रन’ शब्द आला म्हणून माझ्या ‘नॉट’नं तो पेपरच वगळला होता. त्या दिवसापासून मी ‘नॉट’ला हात लावत नाही. अपवाद एकच: फक्त प्राण्यांवरचे अभ्यास काढायचे असतील, तर ‘नॉट’च्या पुढे कंसात ‘अ‍ॅनिमल्स नॉट ह्यूमन्स’ असं दोन मेश शीर्षकांनी लिहायचं, म्हणजे माणसं आणि प्राणी दोन्ही असलेले पेपर बचावतात.

डाव्या बाजूच्या फिल्टरच्या चौकटींवर टिचक्या मारायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. ‘ह्यूमन्स’वर टिचकी मारलीत की मेश न लागलेले पेपर गेले, मग ते शंभर टक्के माणसांवरचे का असेनात. ‘फ्री फुल टेक्स्ट’ तर मी सरळ बंदच करायला लावते. पेपर फुकट मिळतो की नाही याचा तो चांगला असण्याशी काही संबंध नाही. आधी सगळं शोधा, पीडीएफची चिंता नंतर. सरकारी संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं आहे. ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं त्यात आहेत. तुमचं कॉलेज त्यात येतं का, ते लायब्ररीत विचारा. काहीच जमलं नाही तर पेपरात पत्रव्यवहारासाठी नाव दिलेल्या लेखकाला दोन ओळींची नम्र ईमेल करा. लेखक बहुतेक वेळा आनंदानं पाठवतात, आपलं कुणी वाचतंय याचं त्यांनाही अप्रूप असतं.

फक्त यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडलेल्या) चाचण्या हव्या असतील तरी ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’च्या चौकटीवर थांबू नका, ती पेपराला लावलेल्या प्रकाराच्या शिक्क्यावर चालते. कॉक्रेनच्या हँडबुकमध्ये चाचण्या पकडण्यासाठी तयार, तपासलेली शोधओळ छापलेली आहे. ती जशीच्या तशी जोडा. फक्त ‘रँडमाइज्ड’चं ‘झेड’ आणि ‘एस’ अशी दोन्ही स्पेलिंगं त्यात आली आहेत ना, ते पाहून घ्या. आपल्याकडचे लेखक ‘एस’ लिहितात.

गाइडची दुसरी तक्रार पेपरांच्या भरवशाबद्दल आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. पुष्कळांना वाटतं, पबमेडवर आहे म्हणजे आयएसआयचा शिक्का बसला. तसं नाही. पबमेड ही यादी आहे, परीक्षक नव्हे. २०२० चा मे महिना आठवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा अभ्यास २२ मे रोजी ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. ज्या कंपनीचा म्हणून विदा (डेटा) त्यात वापरला होता, तो विदा स्वतंत्रपणे तपासायला मिळेना. त्या तेरा दिवसांत उतरवलेली पीडीएफ आजही कुणाच्या तरी वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडून असेल, आणि तिच्यावर ‘रिट्रॅक्टेड’ असं कुठेही लिहिलेलं नसेल. पबमेडच्या नोंदीवर मात्र ठळक पट्टी असते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला पेपर थेट संदर्भात टाकू नका. त्याची नोंद पबमेडवर उघडा, मग टाका. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत असाल तर मागे घेतलेल्या पेपरावर ते स्वतःच खूण करतं.

मग चाचणीची नोंदणी. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. पेपरातला सीटीआरआय क्रमांक तिथे टाका आणि नोंद पेपराशेजारी ठेवून वाचा. नोंदीत मुख्य निष्पत्ती काय लिहिली होती आणि पेपरात मुख्य म्हणून काय मिरवलं आहे? नोंदीत प्रसूतीच्या वेळचं एचबी असेल आणि पेपरात चार आठवड्यांनंतरचं फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं मोजमाप) मुख्य झालं असेल, तर मधल्या काळात काहीतरी शिजलंय. पाच मिनिटांचं काम आहे, कुठल्याही गुणांकनाच्या तक्त्यापेक्षा मला ते जास्त उपयोगी वाटतं.

निष्पत्ती कोणती, हा प्रश्न तुमच्या विषयात फार महत्त्वाचा आहे. शिरेतल्या लोहानं एचबी लवकर वाढलं, असं सांगणारे छोटे अभ्यास तुम्हाला ढिगानं मिळतील. २०१९ च्या त्या चाचणीची मुख्य निष्पत्ती एचबी नव्हतीच; आईच्या बाबतीत प्रत्यक्ष घडणाऱ्या गंभीर गोष्टींची मिळून केलेली निष्पत्ती होती, आणि तिच्यात दोन गटांत फरक आढळला नाही. तुमच्या रिव्ह्यूमध्ये हे दोन प्रकारचे पेपर एकाच परिच्छेदात कालवलेत तर गाइड पुन्हा पातळच म्हणतील. वेगळे मांडा.

पबमेडखेरीज कुठे शोधायचं? एम्बेस हा डेटाबेस औषधांच्या बाबतीत फार चांगला आहे, पण त्याला वर्गणी लागते आणि ती सगळ्यांकडे नसते. नसेल तर कॉक्रेन लायब्ररीतला ‘सेंट्रल’ हा चाचण्यांचा संग्रह उघडा. त्यात एम्बेसमधून वेचलेल्या चाचण्यांच्या नोंदीही असतात, शोध आणि सारांश फुकट आहेत. ही वाट फार जणांना ठाऊक नसते. गुगल स्कॉलर शेवटी, आणि एखाद्या ठरावीक पेपराचा माग काढण्यापुरता. आकडा लाखांचा दाखवला तरी ते प्रत्यक्ष एक हजाराच्या पुढे निकाल बघू देत नाही. चॅटबॉटला शब्दांचे पर्याय जरूर विचारा, ते तो बरे देतो. संदर्भ मागू नका. मागितलेच तर प्रत्येक पीएमआयडी पबमेडमध्ये टाकून पाहा. गरोदरपणावरचा म्हणून दिलेला क्रमांक भलत्याच विषयावर उघडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

प्रस्तावनेसाठी ‘भारतात निम्म्याहून अधिक गर्भवतींना अनीमिया’ हे वाक्य तुम्ही लिहिणारच. त्याचा संदर्भ कुठल्यातरी पेपराच्या प्रस्तावनेतून उचलू नका, मूळ अहवालातून घ्या: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१, गर्भवतींमध्ये ५२.२ टक्के. आणि मुंबईतलेच अभ्यास हवे असतील तर संस्थेच्या पत्त्यात ‘मुंबई’ बरोबर ‘बॉम्बे’ही ‘ऑर’नं टाका. शहराचं नाव १९९५ साली बदललं, जुन्या नोंदी तशाच आहेत. परळच्या केईएममधल्या डॉक्टरांनी १९५२ साली जगापुढे आणलेला रक्तगटही अजून बॉम्बे याच नावानं ओळखला जातो.

राहिली नोंद ठेवण्याची बाब. पबमेडची हिस्टरी आठ तास काही केलं नाही की पुसली जाते. रात्री अकराला केलेलं काम सकाळचा राउंड संपेपर्यंत उडालेलं असतं. म्हणून माय एनसीबीआय हे पबमेडसाठीचं खातं उघडून शोधओळ जतन करा, आणि वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, कोणता डेटाबेस, पूर्ण शोधओळ, किती निकाल आले. थीसिसच्या परिशिष्टात हीच ओळ जशीच्या तशी छापा. परीक्षकांनी ‘हे पेपर कसे निवडलेत?’ विचारलं की बोट ठेवायला जागा मिळते.

जतन करतानाच खातं विचारतं, नवे पेपर आले तर ईमेल पाठवू का? हो म्हणा, आठवड्यातून एकदा असं ठरवा, वार लेबर रूमची ड्यूटी नसलेला निवडा. थीसिस जमा होईपर्यंत ही ईमेल चालू राहू द्या.